बीजेच्या कोरीखाली एक मूठ

दुर्बिणीला डोळा लावल्या लावल्या जो "वा, छान!" म्हणून बाजूला होतो, त्याला काहीही दिसलेलं नसतं. मागे रांग उभी असते, आधीच्या माणसाला दिसलेलं असतं, मग आपल्यालाच दिसलं नाही असं कसं म्हणायचं, या संकोचापायी तो छान म्हणतो. अशा माणसाला मी दंडाला धरून पुन्हा उभं करायची. "घाई नाही. काय दिसलं ते सांगा." मग खरं बाहेर यायचं. "बाई, माझी पापणीच दिसतीये नुसती." ज्याला खरोखर दिसतं तो आधी गप्प होतो. मग त्याचा हात आपोआप नळीकडे जातो आणि तो हात मला वरच्या वर धरावा लागतो, कारण नळीला बोट लागलं की ग्रह गेलाच.

मी साळवेबाई. नगरच्या एका मुलींच्या शाळेत शास्त्र शिकवत होते. शाळा जुनी, मिशनच्या काळातली. माझी आई तिथेच शिकली, मी तिथेच शिकले आणि पुढे तिथेच चिकटले. शाळेत एक पितळी दुर्बीण होती. कधीकाळच्या गोऱ्या मुख्याध्यापिका ती मागे ठेवून गेल्या होत्या. मी नोकरीला लागले तेव्हा ती नकाशांच्या कपाटामागे गोधडीत गुंडाळून पडलेली होती आणि तिच्या तिपाईवर पिवळ्या पडलेल्या परीक्षेच्या उत्तरपत्रिका रचलेल्या होत्या. मी भिंगं पुसली, स्क्रूंना तेल दिलं आणि एका शनिवारी संध्याकाळी मुलींना चंद्र दाखवला. पुढच्या शनिवारी मुलींचे आईबाप आले. त्याच्या पुढच्या शनिवारी ज्यांना मुली नव्हत्या तेही आले.

असं करता करता तो माझा दुसरा धंदाच झाला. शिक्षण खात्यात कुणाच्या तरी कानावर गेलं आणि मग पारनेर, शेवगाव, पाथर्डी अशी बोलावणी येऊ लागली. पेटी घ्यायची, एसटीत बसायचं, तिथल्या शाळेच्या मैदानावर तिपाई रोवायची.

गिऱ्हाइकं एकेक नमुनेदार. नगरला पलटणीतून निवृत्त झालेले एक सुभेदार होते. त्यांना आकाशापेक्षा रांगेत जास्त रस. दर शनिवारी यायचे, रांग सरळ करायचे आणि स्वतः न बघताच जायचे. लढाईच्या दिवसांत दिवेबंदी होती, तेव्हा एक हवालदार चौकशीला आला. बाईमाणूस अंधारात कॅन्टोन्मेंटच्या बाजूला नळी रोखून बसतं, अशी खबर होती. मी त्याला शनी दाखवला, कड्यासकट. दुसऱ्या दिवशी तो बायकोला घेऊन आला. आणि पारनेरला एक म्हातारी चंद्राकडे बराच वेळ बघत राहिली. ते खड्डे, ती राखाडी मैदानं. शेवटी डोळा काढून मला म्हणाली, "बया, हितं बी पाऊस न्हाई वाटतं." त्या वर्षी पाऊस कुठेच नव्हता.

आता धंद्यातली एक गोष्ट सांगते, म्हणजे पुढचं समजायला सोपं जाईल. चंद्र कुणीही दाखवू शकतं. शनी दाखवणाऱ्याची तर फुकटात वाहवा होते. खरी परीक्षा असते बुधाची. बुध सूर्याला सोडून लांब जातच नाही. वर्षातून थोडेच दिवस तो संध्याकाळी पश्चिमेला वर येतो, तेही हातभर. सूर्य बुडाल्यावर आकाश पुरेसं काळवंडेपर्यंत तो अर्धा खाली आलेला असतो, आणि नीट अंधार पडतो तेव्हा तो मावळलेला असतो. मधे जो काय वेळ मिळेल तेवढाच आपला. त्यात तो संधिप्रकाशात इतका फिका असतो की आकाशाच्या एवढ्या पसाऱ्यात नजर ठरत नाही. म्हणून मी बीजेची वाट बघायची. ज्या महिन्यात बुध वर आलेला असेल, त्या महिन्यात शुद्ध द्वितीयेची चंद्रकोर त्याच्या आसपासच असते. कोर सापडली की हात लांब करायचा, मूठ वळायची आणि कोरीपासून मोजायला लागायचं. चंद्र म्हणजे माझ्यासाठी मैलाचा दगड होता.

बुध दाखवीन असं मी जाहीर केलं की दाखवायचीच. त्याबद्दल माझा तेव्हा चांगलाच दिमाख होता आणि आजही थोडा आहे.

तर एकाहत्तरच्या हिवाळ्यात मी पाथर्डीच्या गाडीत पेटी चढवत होते. कंडक्टर म्हणाले, "पेटी टपावर टाका."

"टपावर जाणार नाही. भिंगं आहेत."

"काय हाय पेटीत?"

"दुर्बीण."

"बंदुकीची?"

"नाही हो, आभाळाची."

त्यांनी पेटीकडे खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि तिकिटाचा पंच दोनदा नुसताच टिकटिकवला. "मग हिचं अर्धं तिकीट धरतो. बसू द्या खिडकीपाशी."

हे गर्जे. बारीक अंगाचे, वर कातरलेली मिशी, गळ्यात चामड्याची पिशवी. घर पाथर्डीलाच. पुढे दोनतीन फेऱ्या त्यांच्याच गाडीने झाल्या आणि पेटीला कायम खिडकी मिळत गेली. एकदा परतताना गाडी रिकामी होती. गर्जे माझ्या पुढच्या सीटवर आडवे बसले आणि इकडचं तिकडचं काही न बोलता एकदम म्हणाले, "बाई, तुमच्या नळीतनं बुध दिसतो का?"

"दिसतो. का हो?"

त्यांनी मला त्यांच्या मुलीचं सांगितलं. कमल तिचं नाव. बोलताना तिची जीभ अडायची. एकेका अक्षरावर थांबायची, की पुढचं येईच ना. वर्गात पोरं म्हणायची, आडनाव गर्जे आन् गर्जना कुठं हाय? तरी तिनं सातवीपर्यंत रेटलं. मग घरच्यांनी कुणाला तरी पत्रिका दाखवली. बुध कमजोर निघाला.

"वानीचा ग्रह हाय म्हणं त्यो," गर्जे म्हणाले. "बुद्धीचा बी. त्यो सुधरत न्हाई तवर शिक्षण अंगी लागायचं न्हाई, म्हणले. मग काढली शाळेतनं. वरीस होऊन गेलं. घरी बसून हाय. पार मुकी झाल्यागत करती आता."

मी शास्त्राची बाई. मी लगेच सांगायला लागले, की ग्रह किती लांब असतो, आणि त्याचा कुणाच्या जिभेशी काय संबंध. गर्ज्यांनी मला पुरं बोलू दिलं. मग म्हणाले, "बाई, तुमच्यात पत्रिका न्हाई बघत. तुमाला म्हणायला सोपं हाय."

हे मला लागलं, कारण ते खरं होतं; आम्ही ख्रिस्ती, आमच्या घरी पत्रिका कधी आलीच नाही.

"मी काय अडाणी न्हाई," ते म्हणाले. "तुमी म्हणता ते मला समजतं. पन घरात चार मान्सं एक बोलत्यात आन् मी एकला काय बोलू? माझं एवढंच म्हणनं हाय, ज्यानं माझ्या पोरीचं तोंड बांधलं, त्यो मला एकदा डोळ्यानं बघायचाय."

मी मनात हिशेब केला. पाडव्याच्या सुमाराला बुध संध्याकाळी चांगला वर येणार होता, आणि नवी कोरही तेव्हाच दिसणार होती. म्हटलं, "पाडव्याला सुट्टी आहे, पाथर्डीला येते. तुम्हाला दाखवते. कमललाही आणा."

बहात्तरचा पाडवा. पाथर्डीच्या शाळेनं मैदान दिलं होतं. सणाचा दिवस, त्यामुळे नवे कपडे घालून निम्मं गाव लोटलेलं. गर्जे गणवेशात नव्हते म्हणून मला आधी ओळखूच आले नाहीत. त्यांच्या मागे कमल उभी होती. चौदाएक वर्षांची, घट्ट वेण्या, नजर जमिनीवर.

"नाव काय तुझं?" मी विचारलं.

तिनं तोंड उघडलं. गळ्याच्या शिरा ताणल्या, अक्षर आत कुठेतरी अडलं. ती जोर लावत होती. तेवढ्यात गर्जे म्हणाले, "कमल." तिनं तोंड मिटलं. नंतर मी बघत राहिले. कुणीही तिला काही विचारलं की तिच्या आधी वडील उत्तर द्यायचे, वडील नसतील तर शेजारीण द्यायची. वाईट हेतू कुणाचाच नव्हता. पण त्या मुलीचं वाक्य एकदाही पुरं झालं नाही.

मी पश्चिमेकडे पाहिलं. पत्रात "मैदान मोकळे आहे" असं लिहून आलं होतं. मोकळं होतं, पण पश्चिमेला डोंगराची रांग उभी होती. सूर्य वेळेच्या कितीतरी आधी त्यामागे गेला. डोंगरावर धुळीचा तपकिरी पट्टा बसला होता. पाडव्याची कोर मुळातच केसाएवढी, ती काही दिसली नाही. बुध तिच्यापेक्षा थोडा वर होता, पण मैलाचा दगडच हरवलेला. मी नळी त्या पट्ट्यावरून दहादा फिरवली. वर शुक्र लखलखत होता आणि सगळं मैदान त्याच्याकडे बोटं दाखवत मला ओरडून सांगत होतं, "बाई, त्यो काय बुध! त्यो बघा की!"

शेवटी मी शुक्र दाखवला, शनी दाखवला. लोक खूश झाले. पाहुणीचा नारळ देऊन सत्कार झाला. गर्जे एका कडेला उभे होते. मैदान रिकामं झाल्यावर ते जवळ आले.

"न्हाई दिसला?"

"धुरळा आहे, गर्जे. आणि डोंगर आड आले."

"शुक्र दिसला. शनी दिसला." ते हळू आवाजात म्हणाले. "म्हंजे बुध कमजोरच हाय."

कमल शेजारीच उभी होती. तिनं ते ऐकलं आणि ओढणीचं टोक उगाच नीट करत राहिली.

मला माझ्या चुकलेल्या संध्याकाळचं काही वाटलं नाही, अशा पुष्कळ चुकतात. पण ते वाक्य घेऊन मी नगरला परत जाणं शक्य नव्हतं. मी ग्रहाचा नकार घेऊन त्या मुलीच्या दारात आणून ठेवला होता.

"गर्जे," मी म्हटलं, "तुम्ही रोज संध्याकाळची गाडी घेऊन या रस्त्यानं येता. सूर्य पार जमिनीला टेकेपर्यंत कुठून दिसतो?"

त्यांनी क्षणभर विचार केला. "घाटमाथ्यावरनं. करंजीचा घाट उतरायच्या आधी माळ हाय एक. नगरच्या बाजूला आभाळ पार जमिनीवर टेकलेलं असतं. ऊन माझ्या पाठीवर येतं तिथं."

"उद्या ड्यूटी आहे?"

"सुट्टी हाय."

"मग उद्या तिथे. कमलसकट."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीच्या ड्रायव्हरबरोबर मी मुख्याध्यापिकाबाईंना निरोप पाठवला, की आज शाळेत येत नाही. कारण कळवलं नाही. बुध राहिला, असं कारण रजेच्या अर्जात कसं लिहायचं?

दुपारी उन्हं कलायच्या आधी आम्ही तिघं पेटी घेऊन घाटमाथ्यावर उतरलो. गर्ज्यांनी जागा अचूक सांगितली होती. नुसता उघडा माळ, झाडाचंसुद्धा नाव नाही, आणि पश्चिम पाटीसारखी स्वच्छ. धूळ खाली राहिली होती. रस्त्याच्या कडेला दुष्काळी काम चालू होतं. आसपासच्या गावांतल्या बायका खडी फोडत होत्या. तिपाई रोवलेली बघून त्यांना वाटलं मोजमाप करणारी सरकारी बाई आली. एकीनं लांबूनच विचारलं, "ढीग मोजाया आला का?"

"नाही, ग्रह दाखवायला आले."

काम सुटलं तशा त्या हातातले हातोडे घेऊनच आल्या. एक म्हातारी सगळ्यांच्या पुढे येऊन बसली. रांग लावायला सुभेदार नव्हते, पण गर्ज्यांना गर्दीची सवय. त्यांनी "एकामागं एक, एकामागं एक" करत गाडीत चढवल्यासारखी सगळ्यांना उभी केली.

सूर्य बुडाला. थोड्या वेळानं कोर दिसली. बायकांनी हात जोडले, पदराची एकेक दशी काढून बीजेच्या चंद्राला वाहिली. मी थांबले. त्यांचं होऊ द्यावं, मग आपलं.

वर शुक्र होताच. "त्यो का?" असं चारपाच जणींनी विचारून झालं. मी आधी नळी चंद्रावर लावली. ही एक युक्ती सांगते. फिका ग्रह शोधायचा तर आधी भिंग चंद्राच्या कडेवर अगदी धारदार जुळवून घ्यायचं. भिंग जरासं जरी ढिलं असेल तरी बुधाचा ठिपका पसरतो आणि पसरला की आकाशात विरून जातो. काल मला चंद्रच मिळाला नव्हता. आज कोरीची कड सुरीसारखी आली. मग हात लांब करून मूठ वळली. कोरीच्या खाली जवळजवळ एक मूठ, जरासं उजवीकडे.

पहिल्या फेरीत काही नाही. दुसऱ्या फेरीत काही नाही. मागे गर्ज्यांचा श्वास मला ऐकू येत होता. तिसऱ्यांदा नळी केसभर खाली घेतली आणि कडेनं काहीतरी सरकलं. मी स्क्रू उलटा फिरवला. गुलाबी आकाशात एक बारीकसा दाणा थरथरत होता.

"मिळाला," मी म्हटलं. "या."

गर्ज्यांनी डोळा लावला. ते गप्प झाले. मी त्यांचा हात धरला, कारण तो नळीकडे चाललाच होता. ते इतका वेळ बघत राहिले की मला नळी दोनदा सरकवावी लागली. आपली पृथ्वी फिरते म्हणून ग्रह भिंगातून निसटत राहतो, त्याला सारखं मागे आणावं लागतं.

"एवढासाच?" ते शेवटी म्हणाले.

"एवढाच."

"ह्यो बी अर्धाच हाय की. कोरीवानी."

"हो. तोही चंद्रासारखा कमीजास्त होतो. पंधरवड्यापूर्वी बराच भरलेला होता, आता कोर होईल, पुन्हा भरेल."

"म्हंजे... कायमचा कमजोर न्हाई?"

आता इथे मला मोह झाला, हे सांगायला हवं. "नाही, पुढच्या खेपेला चांगला बलवान होतोय" एवढं म्हटलं असतं तर काम झालं असतं. घरातली चार माणसंही गप्प बसली असती. पण मी म्हटलं, "गर्जे, तो भरलेला असला काय आणि अर्धा असला काय. उजेड पडतो तसा दिसतो. त्याला कमलचं नावसुद्धा माहीत नाही."

ते बाजूला झाले आणि कमलला पुढे केलं.

कमल वाकली आणि नळीला हात न लावता, दोन्ही हात पाठीमागे बांधून बघत राहिली. तसं करायला मी तिला सांगितलं नव्हतं. मग सरळ झाली, नुसत्या डोळ्यांनी आकाशात बघितलं, पुन्हा वाकली, पुन्हा सरळ झाली. तिनं हात लांब केला, मूठ वळली, कोरीखाली धरली आणि मुठीच्या खाली कुठेतरी तिची नजर ठरली. आता तिला तो दुर्बिणीशिवाय दिसत होता.

मागे रांग चुळबुळत होती. वेळ थोडा होता. मला नळीपाशी जखडून राहणं भाग होतं, ग्रह हातातून सोडता येत नव्हता. रांगेतल्यांना आधीच कुठे बघायचं ते कळलं असतं तर निम्म्या जणींना नळीची गरजच पडली नसती. एरवी हे काम मीच ओरडून करायची.

"कमल," मी म्हटलं, "तुला सापडलाय. तू त्यांना सांग कुठे आहे ते."

गर्जे पुढे झाले. "मी सांगतो, बाई."

"तुम्हाला नुसत्या डोळ्यांनी दिसलाय का?"

"न्हाई."

"मग तिलाच सांगू दे."

कमल रांगेच्या तोंडाशी उभी राहिली. एवढ्या बायका तिच्याकडे बघताहेत हे तिला तेव्हा कळलं असावं. तिनं हात वर केला. "चं..." ती अडली. "चं... चं..." मी नळीवरून डोळा काढला नाही. मला वळून बघायचं होतं, पण ग्रह सुटला असता. एक तरुण बाई फिसकन हसली. पुढे बसलेली म्हातारी तिच्यावर ओरडली, "गप गं! मी तिच्या हाताकडं बघतीया."

"चंद्राच्या खा... खाली," कमल म्हणाली. "एक मू... मू... मूठ. मग ज... जरा उजवीकडं."

म्हातारीचा आवाज आला. "हाय! हाय गं बाई, बारीक हाय, पन हाय!" आणि मग मागून एकेक आवाज, मला बी दिसला, कुठं गं, त्यो काय, तिची मूठ बघ की.

त्या दिवशी मला माझ्या धंद्यातलं एक गुपित कळलं. मी आयुष्यभर भरभर सांगत आले होते: खाली बघा, उजवीकडे बघा, दिसला का? लोकांची नजर कोरीपर्यंत पोचेपर्यंत माझं वाक्य संपलेलं असायचं. कमल एका शब्दापाशी थांबायची आणि तेवढ्यात ऐकणाऱ्याची नजर त्या जागी जाऊन पोचायची. पुढचा शब्द येईपर्यंत ती तिथेच थांबायची. फिका ग्रह दिसायला नेमकं तेवढंच लागतं, नजर थांबणं.

तिनं ते रांगेला पुन्हा पुन्हा सांगितलं. प्रत्येक वेळी अडली आणि प्रत्येक वेळी पुरं केलं. बुध खाली खाली गेला, तांबूस झाला आणि जमिनीजवळच्या धुरकट पट्ट्यात विझला. शेवटच्या आठदहा जणींना नळीतून दाखवायचा राहिला, ती रुखरुख आजही आहे. त्यांना मी शनीचं कडं दाखवलं. त्या खूश झाल्या, पण मी नाही.

बायका गावाकडे निघाल्या. आम्ही पेटी बांधून परतीच्या गाडीची वाट बघत रस्त्याकडेच्या खडीवर बसलो. गर्जे बराच वेळ मातीत रेघा ओढत होते. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "एवढ्याशा दान्याच्या पायी मी पोरीचं वरीस घालवलं."

"जून महिन्यात आठवीत बसू दे," मी म्हटलं. "आमच्या शाळेत. वसतिगृह आहे. आणि मला दर शनिवारी रांगेपाशी उभं राहणारं माणूस हवंय. मी तिच्यावर उपकार करत नाहीये, मला गरज आहे."

"घरात इचारावं लागंल."

"घरात विचारा. पण आधी तिला विचारा."

गर्जे कमलकडे वळले. "जायचं का गं नगरला?"

तिचा ओठ हलला. आवाज येईना. गर्ज्यांनी तिच्या ऐवजी बोलायला सवयीनं तोंड उघडलं, आणि मिटलं. ते थांबले. लांबून एका ट्रकचे दिवे आले, आम्हाला ओलांडून घाट उतरून गेले, तरी ते थांबलेलेच.

"जा... जा... जायचं," कमल म्हणाली.

ती जूनमध्ये आली. दुष्काळाचं ते सलग दुसरं वर्ष होतं, पावसाळाभर आकाश कोरडं राहिलं. माझ्यासारख्या बाईला तेवढ्या चांदण्या रात्री कधी मिळाल्या नव्हत्या आणि त्यांचा आनंद घेताना इतकी शरमही कधी वाटली नव्हती. शनिवारी मैदानावर गर्दी असायची. कमल रांगेच्या तोंडाशी मूठ वर करून उभी असायची. शाळेत तिला चिडवणाऱ्या पोरी इथेही निघाल्या, नाही असं नाही. एकदोनदा ती रडत माझ्याकडे आली. तिची जीभ शेवटपर्यंत अडतच राहिली. माझ्या हातून तो चमत्कार झाला नाही आणि ग्रहांच्याही नाही. पण ती वाक्य अर्धं सोडेनाशी झाली. मॅट्रिक झाली, डी.एड. झाली, शेवगावकडे जिल्हा परिषदेच्या शाळेत लागली. तिच्या वर्गातली मुलं वाचताना घाई करत नाहीत, असं एकदा तिथल्या एका सहकारी मास्तरांनी मला सांगितलं. त्यांना ते कौतुक वाटलं की तक्रार, मला नक्की कळलं नाही.

पाऊस परत आला, खडीची कामं उठली. नंतर एका वर्षी फाल्गुनातल्या बीजेला मी पाथर्डीला एका लग्नाला चालले होते. पेटी नव्हती, नुसती एक पिशवी. गाडी गर्ज्यांचीच निघाली. त्यांनी नमस्कार केला, तिकीट फाडलं आणि पुढे गेले. गाडी खच्चून भरलेली होती.

सूर्य बुडून अर्धा तास झाला होता. घाटमाथ्यावर आलो आणि गर्ज्यांनी दोरी ओढली. एक घंटी. गाडी थांबली.

"काय झालं?" ड्रायव्हर ओरडला.

"काय न्हाई. पाच मिन्टं."

चाक बसलं असं समजून लोक खाली उतरले. गर्जे माळाच्या कडेला गेले, पश्चिमेकडे तोंड केलं आणि कोरीखाली मूठ धरली. "चंद्राच्या खाली," ते म्हणाले, आणि थांबले. "एक मूठ." पुन्हा थांबले. सगळ्यांच्या नजरा पोचल्या आहेत याची खात्री करून घ्यावी, तसे. त्यांनी मला पुढे बोलावलं नाही आणि मीही गेले नाही. मी लोकांच्यात उभी राहून त्यांच्या मुठीखाली बघू लागले.

"दिसला की," डोक्यावर बोचकं घेतलेला एक म्हातारा म्हणाला. "कोन त्यो?"

"बुध."

"आस्सं." म्हाताऱ्यानं बोचकं सावरलं. "मग आता त्याचं काय करायचं?"

"काय करायचं न्हाई, बाबा," गर्जे म्हणाले. "दिसला, झालं. चला, बसा."

आणि त्यांनी दोन घंट्या दिल्या.